हिरव्या पट्टीचा बाक

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे. शेगावला गाडीतून उतरल्या उतरल्या बाबांनी कचोरी मागवली. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, मीठ कमी करायला सांगितलंय, हे सगळं मी त्यांना ऐकवेपर्यंत अर्धी कचोरी पोटात गेली होती. उरलेली अर्धी माझ्या हातात ठेवून म्हणाले, आता पाप निम्मं निम्मं.

घर बरं आहे. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे लोखंडी फाटक आणि एक कडुनिंब. बाबांनी आल्या आल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकली आणि शेजारच्यांशी ओळख काढली. पिंपळगाव राजा हे त्यांचं गाव इथून जवळच. चाळीस वर्षं पुण्यात मास्तरकी केली, तिथे इकडचे शब्द चुकूनही तोंडातून निघाले नाहीत, आणि इथे रिक्षात बसताक्षणी 'काऊन बे, एवढा हळू?' सुरू. मी पोट धरून हसले.

माझं पद लांबलचक आहे: रुग्णप्रवाह व्यवस्थापक. बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत की गार्गीला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. खरं काम एवढंच की ट्रस्टच्या या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत माणसांची जी कोंडी होते ती सोडवायची. पुण्याचं मोठं रुग्णालय सोडून मी इथे का आले, असं मैत्रिणी विचारतात. बाबांचं हृदय आता निम्म्याहून कमी जोराने चालतं. आई गेल्यावर मला तेवढेच उरलेत. त्यांना आपल्या मुलखात राहायचं होतं आणि मला ते हवे आहेत, जितकी वर्षं मिळतील तितकी. म्हणून आलो.

५ मार्च, बुधवार

कॅज्युअल्टी पाहिली. म्हणजे आत शिरता आलं तेवढी पाहिली. एका खाटेवर दोन-दोन पेशंट, एकाचं डोकं उशाला तर दुसऱ्याचं पायथ्याला. बाकीचे खाली चटयांवर. सलाईनचे स्टँड कमी, त्यामुळे बाटली नातेवाइकाच्या हातात. हात भरून आला की तो ती शेजारच्याला देऊन तंबाखू मळायला बाहेर. एक आजोबा दोन बाटल्या धरून उभे होते, त्यांचा स्वतःचा पेशंट कोणता हे त्यांनाच आठवेना.

इथल्या इन्चार्ज जयमाला सिस्टर. पन्नाशीच्या, चालण्यात सतत घाई. त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडं जत्रा बारमाही हाय." माझ्याकडे त्या जरा कीव केल्यासारख्या पाहत होत्या. आधीचे दोघे व्यवस्थापक दिवाळीच्या आत पळाले म्हणे.

दिवसभर कोपऱ्यात उभी राहून मी फक्त पाहत होते. सगळे म्हणतात पेशंट फार येतात. मला तसं वाटत नाही. कोंडी येणाऱ्यांमुळे होत नाही, न जाणाऱ्यांमुळे होते. वरच्या वॉर्डात सकाळी सुट्टी मिळालेला माणूस दुपारचं जेवून, झोप काढून निघतो. त्याची खाट अडते म्हणून खालचा वर जात नाही, आणि खालचा हलत नाही म्हणून दारातला आत येत नाही. एखादा दगावला तर तोही तास-दोन तास त्याच खाटेवर. गावाहून माणसं येणार, रडणार, खाटेपाशी उभं राहून काही पुटपुटणार, मग नेणार. तोवर दारात कोणीतरी धापा टाकतोय. हे मला सुधारता येईल. खरंच येईल.

१७ मार्च, सोमवार

आजपासून नवी पद्धत. दारातच सिस्टर पेशंटला पाहणार आणि मनगटावर पट्टी बांधणार. लाल पट्टी थेट आत, पिवळी खाटेवर, हिरवी भिंतीकडच्या लांब बाकावर. एका पेशंटसोबत एकच नातेवाईक. वरच्या वॉर्डातल्या सुट्ट्या सकाळीच. आणि डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला की देह लगेच मागच्या दाराने शवागारात, नातेवाइकांनी बाहेरून वळसा घालून मागच्या फाटकाशी जायचं. खाट पुसून पुढच्याला.

या शेवटच्या नियमावर जयमाला सिस्टर जरा घुटमळल्या. लोक ऐकणार नाहीत, त्यांचं काही करायचं असतं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, करायचं ते घरी करू दे. त्यांनी मान डोलावली. एका पेशंटला जागेअभावी पायरीवर प्राण सोडताना त्यांनी मागच्याच महिन्यात पाहिलंय, त्यामुळे त्या माझ्याच बाजूच्या आहेत. दारावरच्या निवृत्तीला, म्हणजे आमच्या वॉचमनला, मी सगळं दोनदा समजावलं. गडी सहा फुटी, पण आवाज मांजराचा.

२ एप्रिल, बुधवार

आज मन खट्टू झालं. सोनाळ्याहून आशाबाई नावाच्या आजी आल्या होत्या, मुलगा दीपक सोबत. छातीत जळजळतंय म्हणाल्या, चालत आल्या, बोलत होत्या. हिरवी पट्टी मिळाली. दीपक केसपेपर काढायला खिडकीवर गेला आणि इकडे त्या बाकावरच मान टाकून गेल्या. डॉक्टर म्हणाले, आत घेतलं असतं तरी वाचणं अवघड होतं. पट्ट्यांचे निकष एकदा पुन्हा पाहायला हवेत. ट्रस्टची तपासणी होऊन गेली की बसते.

दीपक परत आला तोवर देह मागे गेला होता, बाक पुसून झाला होता आणि त्यावर तिघं बसलेही होते. तो बाकाकडे जाऊ लागला. निवृत्तीने त्याला अडवलं, कारण मीच तसं सांगितलं होतं. तो हात जोडून म्हणत होता, "मायले हाक मारू द्या न मॅडम. दोन मिनिटांचं काम हाय. तिले रस्ता कसा समजीन?" मी त्याला बाजूला घेतलं, पाणी दिलं, नीट समजावलं. तो मागच्या फाटकाकडे निघून गेला. मी वाईट वागले नाही. पण जेवण गेलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

बाबांना कालचं सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली. मग म्हणाले की इकडे घराबाहेर कोणी गेलं तर जवळच्याने तिथे, जिथे श्वास सुटला तिथेच, उभं राहून हाक मारायची. नाव घेऊन किंवा नात्याने. घरी चाला म्हणायचं आणि मागे वळून न पाहता चालू लागायचं. नाला आला की नाला आला म्हणून सांगायचं, वळण आलं की वळण. उंबऱ्यावर पाणी ठेवायचं. ते पाणी पिऊन माणूस आपल्या वाटेला लागतो. गेलेल्या माणसाला आपण गेलो हे समजत नाही, हाक आली नाही तर तो बसून राहतो. त्यांच्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी मलकापूरच्या फलाटावरून असंच आणलं होतं.

मी विचारलं, तुमचा विश्वास आहे? तर म्हणाले, विश्वासाचं मला ठाऊक नाही, पण दोन मिनिटांनी तुझं काय अडलं असतं? मला राग आला. रोज कितीजण दारात ताटकळतात ते त्यांनी येऊन पाहावं, असं मी म्हणाले. ते म्हणाले, येतो की. मग भांडण तिथेच राहिलं आणि आम्ही कलिंगड कापलं.

१५ एप्रिल, मंगळवार

जमलं. ट्रस्टचे अध्यक्ष स्वतः येऊन पाहून गेले आणि मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ऊन इतकं तापलंय की उन्हाचे झटके येऊन पडलेले शेतमजूर रोज येतात, तरी खाली चटई नाही, एका खाटेवर एकच माणूस. जयमाला सिस्टरनी घरून शेवभाजी आणली. मी आल्यापासून त्या पहिल्यांदाच खुर्चीत बसून जेवल्या असाव्यात.

एकच गोष्ट कळत नाही. जागा झाली तरी दाटी गेली नाही. म्हणजे पेशंट मोजले तर थोडेच, पण आत पाऊल टाकलं की गर्दीत शिरल्यासारखं होतं. दोन कूलर जादा लावले. हवा हलत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

लोकांच्या सवयी. हिरव्या पट्टीचा बाक अर्धा रिकामा आणि माणसं भिंतीला टेकून उभी. बसा म्हटलं तर म्हणतात, नाही, तिथं कोणी बसलं हाय. रुमाल नाही, पिशवी नाही. खाटेवर एकटाच पेशंट असला तरी कडेला अंग चोरून झोपतो, उरलेली अर्धी खाट मोकळी ठेवून. वडनेर भोलजीच्या एका बाईने आपल्या लेकाला मधल्या खाटेवर ठेवूच दिलं नाही. का, तर तिथले आजोबा कण्हतात, पोराला झोप लागणार नाही. मधली खाट रिकामी होती.

आणि आज मी स्वतः सिस्टरच्या टेबलाकडे घाईने जाताना म्हणाले, जरा सरका हो. समोर कोणीच नव्हतं. जयमाला सिस्टरनी ऐकलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

बाबा आज खरंच आले. डबा विसरले होते मी, तो घेऊन. मी वर बैठकीत होते, म्हणून ते बाकावर तासभर बसले. संध्याकाळी चहा पिताना माझ्यावर चिडले. म्हणाले, तुझी पद्धत कसली, सोनाळ्याची ती म्हातारी सकाळपासून बसली आहे, छातीत आग होते म्हणते, मुलगा कागद काढायला गेला तो आलाच नाही, आणि तुमच्यापैकी कोणी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही.

मी विचारलं, नाव काय म्हणाल्या?

आशाबाई म्हणाल्या.

त्यांना काही बोलले नाही. त्यांच्या हृदयाला धक्का नको. त्यांची रात्रीची गोळी मोजून दिली आणि आत येऊन हे लिहितेय. मी एक शिकलेली बाई आहे आणि मला भीती वाटते आहे, इतकंच आज कळतंय.

१ मे, गुरुवार

काल आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. इकडे या दिवशी घागर भरतात, गेलेल्या माणसांना पुरणपोळीचा घास ठेवतात. बाबांनी आईसाठी ठेवला. कावळा लगेच आला, त्यांचे डोळे भरले.

आज सकाळी फाटकाशी पाच-सात माणसं. पुढे दीपक. घास ठेवला, संध्याकाळपर्यंत कोणी शिवलं नाही, माय घरी आलीच नाही, असं तो म्हणाला. बाकीच्यांचंही तेच. त्यांची माणसं आमच्याकडे गेलेली, माझ्या नियमानंतर. त्यांना फक्त आत येऊन हाक मारायची होती. आरडाओरडा नव्हता. नुसते उभे होते, चपला हातात घेऊन.

ट्रस्टची तपासणी पुढच्या आठवड्यात. बाहेरची मंडळी येणार, कॅज्युअल्टीत अशी माणसं उभी राहून हाका मारताना दिसली तर काय सांगायचं? मी म्हटलं, दहा तारखेनंतर या, मी स्वतः आत नेते. दीपक म्हणाला, "बरं मॅडम. पण तिले बसून-बसून त्रास होत असन." आणि गेले सगळे.

त्यांना आत जाऊ द्यायला हवं होतं. आजच.

९ मे, शुक्रवार

बाबा गेले.

मंगळवारी. लिहायचंय, कारण कोणाला सांगता येत नाही.

वडनेर भोलजीच्या पुढे लग्नाचा टेम्पो उलटला. दुपारी एकदम सगळे आले, रक्ताने भरलेले, नवरीच्या मावश्या, वाजंत्रीवाले. माझी पद्धत त्या दिवसासाठीच होती. लाल आत, पिवळे खाटेवर, कुठे गोंधळ नाही. मला त्या तासात स्वतःचा अभिमान वाटत होता. हेही लिहून ठेवते.

त्याच वेळी बाबा रिक्षाने आले. एकटे. मला फोन केला नाही. रिक्षावाला म्हणाला की मी मॅडमला बोलावतो म्हटलं तर त्यांनीच अडवलं, तिला आज काम आहे म्हणाले. रांगेत उभे राहिले. दारातल्या नव्या सिस्टरने विचारलं तर म्हणाले, "थोडा दम लागला, माय. आधी त्यांले पाहा." तिने हिरवी पट्टी बांधली. तिची चूक नाही. चालणारा, बोलणारा, हसणारा माणूस हिरवा. हे मीच लिहून दिलं होतं.

मी त्या बाकासमोरून कितीदा गेले असेन. एकदा घाईत म्हणालेही, पाय आत घ्या. कोणीतरी घेतले. पांढरा पायजमा होता. मी वर पाहिलं नाही.

मला सांगायला जयमाला सिस्टर धावत आल्या तोवर देह मागे नेला होता. नियमाप्रमाणे. बाकावर दुसरे बसले होते. मी मागच्या दाराने धावले. त्यांच्या मनगटावर ती पट्टी होती. मी ती दातांनी तोडली.

सिस्टर रडत म्हणाल्या की आता तरी आत चला आणि हाक मारा. मी म्हणाले, मला हात लावू नका. हाक मारली नाही. त्यांना कुठे बोलवायचं? घरी? माझ्याशिवाय घरात कोण आहे, आणि मी काय तोंड दाखवू?

२० मे, मंगळवार

तेरावं झालं. चुलते परत गेले. रिकाम्या घराचं कुलूप उघडायचा आवाज नकोसा होतो. कामावर गेले.

बाबा आहेत.

बाकाच्या टोकाला. पांढरा पायजमा, खिशाला पेन. दम लागलेला. मी शेजारी बसले. लोक आपले वळसा घालून जात होते. मी पोटभर रडले आणि मग मला हसू आलं. इतका आनंद मला लहानपणी शाळेच्या फाटकाशी ते दिसायचे तेव्हा व्हायचा.

२१ मे, बुधवार

ते मला ओळखत नाहीत.

मी बाबा म्हटलं. ते अदबीने सरकले, जागा दिली. म्हणाले, बाई, माझी मुलगी इथंच कामाला आहे. फार हुशार आहे. तिला सांगू नका मी आलोय म्हणून, कामात आहे ती. माझा नंबर आला की मी जाईन.

मी विचारलं, दुखतंय का?

म्हणाले, थोडं.

२२ मे, गुरुवार

दीपकला फोन केला. आला. त्याला बाकापाशी नेलं. मी ट्रस्टला घाबरले नाही, आता कशाला घाबरायचं?

त्याने चप्पल काढली. म्हणाला, "माय, चाल. घरी चाल. उशीर झाला, मले माफ कर." आणि वळून चालू लागला. दारातून बाहेर पडेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. मग बाकावर जागा झाली. खरोखर झाली. उभी असलेली एक बाई आपण होऊन येऊन बसली.

बाबा म्हणाले, बरं झालं, त्या बाईंचा नंबर लागला.

तसंच मलाही करायचंय. दोन मिनिटांचं काम.

२४ मे, शनिवार

केलं नाही.

हाक मारली की ते पाणी पिऊन जातील. मग बाक रिकामा. आज मी त्यांच्याशेजारी बसून डबा खाल्ला. त्यांना पुण्यातलं बोलायला लावलं. आईचं नाव त्यांना आठवतं. कालपर्यंत माझंही आठवत होतं. आज म्हणाले, मुलीचं नाव आत्ता ओठावर होतं.

अजून थोडे दिवस. फक्त थोडे—

२६ मे, सोमवार

श्वास तसाच. एक श्वास घेतात, पुढचा मिळत नाही, मिळतो. ते संपत नाही. त्यांच्यासाठी अजून तीच दुपार आहे. मी रोज त्यांच्या शेजारी बसते ते माझ्यासाठी. त्यांना दम लागलेला ठेवून मी डबा खाते.

मी कसली मुलगी आहे?

आता बाकीचेही दिसतात. बाबांच्या पलीकडे, खाटांच्या मोकळ्या अर्ध्यात, भिंतीला. अंग चोरून. माझ्याकडे पाहतात. त्यांना वाटतं मी नंबर पुकारणार. जयमाला सिस्टरसोबत फोन करत बसले. काहींची माणसं आली, हाक मारून गेली. पण कितीतरी जण परमुलखातून ऊसतोडीला, विटभट्टीला आलेले. फोन लागत नाहीत. काहींना रस्त्यावरून उचलून आणलेलं, नावच नाही. त्यांना कोण बोलावणार?

उद्या बाबांना नेते.

२८ मे, बुधवार

दुपार. घरी आहे. लिहितेय कारण हात थांबला तर मागे पाहीन.

काल धीर झाला नाही, आज नेलं. बाकासमोर उभी राहिले, चप्पल काढली. मी म्हणाले, बाबा, चला. घरी चला. चुकलं माझं. सगळी कॅज्युअल्टी गप्प झाली. मग वळले आणि चालू लागले.

मागून त्यांची पावलं आली. ओळखीची, डावा पाय घासत. मला इतकं बरं वाटलं. मागचं दार आलं, सांगितलं. गल्ली आली, वळण आलं, सांगितलं. गटार आहे बाबा, जपून.

गटारापाशी कळलं. पावलं एका माणसाची नव्हती.

अनवाणी. घसटत. कुबडीची. लहान मुलाची, धावत गाठणारी. मी फक्त बाबांना हाक मारली होती, पण 'घरी चला' त्या सगळ्यांनी ऐकलं. इतके दिवस कोणीच म्हटलं नव्हतं ना.

मागे पाहिलं नाही. उंबऱ्यावर तांब्या ठेवला. आत आले. पाणी संपलं. पुन्हा भरला, संपला. घागर आणून ठेवली—

घर भरलंय. उन्हाळ्यात एवढा गारठा. टेबलाभोवती उभे आहेत, खांद्याशी श्वास लागतो. कोणी जात नाही. पाणी प्यायले तरी जात नाहीत. हे घर त्यांचं नाही. कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नाही.

बाबा आत नाहीत.

बाहेर आहेत. फाटकापाशी, सगळ्यांच्या मागे. खोकला ऐकू येतो. उंबऱ्यापर्यंत पोचता येत नाही त्यांना, दाटी आहे. धाप—

बाबा या ना. जागा द्या हो त्यांना. सरका—

कोणी सरकत नाही. सगळे मनगट पुढे करतात. हिरव्या पट्ट्या, पिवळ्या. सगळ्यांना वाटतं—

बरं. एकेकाला विचारते. नाव, गाव. ज्याचं गाव कळेल त्याला त्याच्या वाटेला लावीन. मग दार मोकळं होईल, मग बाबा. दुसरा उपाय नाही. ही पहिली म्हातारी. नाव विचारलं. आठवत नाही म्हणते. कोणीतरी तिला आई म्हणायचं, एवढं—

पोराला गाव सांगता येत नाही. रडतंय—

फाटकाची कडी वाजली. ते उभे राहू शकत नाहीत आता. खाली बसले वाटतं.

बाबा, मी इथेच आहे. ऐकू येतंय मला. थोडा दम धरा. एवढे होऊ द्या, मग तुमचा नं—